खुर्ची रिकामी, व्याज चालू

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, विजेवर झालं, पीक विम्यावर झालं. मला जो विषय दिला आहे तो ऐकायला कोरडा आहे. जिल्ह्याच्या कचेऱ्यांत काटकसर चालली आहे, त्यात कोर्टकचेरीचं काम पाहणारी माणसं कमी होताहेत, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे सांगायचं आहे. विषय कोरडा असला तरी यात आपली जमीन अडकली आहे आणि पैसाही अडकला आहे. म्हणून थोडा वेळ द्या.

एका तारखेची गोष्ट सांगतो. आमच्या गावच्या सहा शेतकऱ्यांची जमीन पाझर तलावात गेली. तलाव झाला, पाणी साठलं, निवाड्याचे पैसेही मिळाले. पण एकराचा जो भाव धरला होता तो शेजारच्या खरेदीखतांच्या निम्मासुद्धा नव्हता. म्हणून वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण कोर्टात गेलं. मृगाच्या तोंडावर तारीख आली. बियाणं घरात, तिफण तयार, आणि हे सहाही जण एसटीने जिल्ह्याला. मीही सोबत होतो. दुपारी पुकारा झाला. सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, ‘साहेब, कार्यालयाकडून परिच्छेदनिहाय अभिप्राय आलेले नाहीत, मुदत मिळावी.’ मुदत मिळाली. पुढची तारीख कापूस वेचणीच्या दिवसांतली.

बाहेर आल्यावर मी वकीलसाहेबांना गाठलं. चिडूनच विचारलं. त्यांनी फाईल उघडून दाखवली. त्यांनी स्वतः त्या कार्यालयाला चार पत्रं लिहिली होती, उत्तर एकाचंही नव्हतं. मग मी कार्यालयात गेलो. न्यायालयीन प्रकरणं पाहणारा माणूस निवृत्त झालेला. त्याच्या जागी कोणी आलेलं नाही. काम ज्याच्याकडे दिलं आहे त्याच्याकडे आधीच दोन टेबलं, हे तिसरं. कडब्याच्या पेंढ्या रचाव्यात तशा फायली रचलेल्या. तो माणूस वाईट नव्हता. पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाला, ‘काका, तुमची फाईल शोधायला मला एक सबंध दिवस लागेल, आणि तो दिवस माझ्याकडे नाही.’

आता तुमच्यातला कोणीही मला विचारील, की आपणच तर इतकी वर्षं सांगत आलो, सरकारचा पसारा आवरा, नोकरशाहीचा बोजा शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरवा. मग सरकारने माणसं कमी केली तर तक्रार कशाची? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

पसारा कमी करा हे आपण तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणतो. पण पसारा कमी करायचा म्हणजे आधी ठरवायचं, की सरकारचं काम कोणतं आणि नसतं काम कोणतं. शेतकऱ्याने काय पेरावं, कुठे विकावं, माल राज्याबाहेर किंवा देशाबाहेर न्यावा की नाही, हे सांगण्यासाठी पोसलेली माणसं हा नसता पसारा. जमिनीची मोजणी नीट करणं, दस्त नोंदवणं, भांडण लागलं तर न्याय देणं, आणि स्वतः एखाद्याची जमीन घेतली तर तिचा दाम वेळेवर चुकवणं, हे सरकारचं मूळ काम. ते दुसरं कोणी करू शकत नाही. शेत नांगरताना आपण तण काढतो, धुरा नाही उखडत.

पण जिल्ह्यात चाललंय काय? ४ मे २०२० ला, कोविडच्या टाळेबंदीत, राज्याच्या वित्त विभागाने आदेश काढला. विकासाच्या कामांवरचा खर्च तेहतीस टक्क्यांवर आणला, आणि आरोग्यासारखे अपवाद सोडून नवी भरती थांबवली. तेव्हा संकट खरं होतं, तिजोरीत पैसा नव्हता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती रीतीबद्दल. ही रीत २०२० च्या आधीपासूनची आहे आणि नंतरही सुटलेली नाही. पैसे कमी पडले की पद रद्द करायचं नाही, नुसतं भरायचं नाही. कोण कामाचा आणि कोण बिनकामाचा याचा विचार करायचा नाही. ज्याला अठ्ठावन्न पूर्ण झाली तो गेला, त्याची खुर्ची रिकामी राहिली. म्हणजे कोणती शाखा चालणार आणि कोणती बंद पडणार हे कोणी ठरवतच नाही, कर्मचाऱ्याची जन्मतारीख ठरवते. परवान्याचे कागद तपासणारा तरुण असेल तर तो राहतो. कोर्टाची प्रकरणं पाहणारा म्हातारा असेल तर तो जातो.

आणि याला काटकसर म्हणतात. ही काटकसर आहे का, ते आपण हिशेबाने पाहू. आपण शेतकरी, आपल्याला हिशेब कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनीही ऐकावा.

दिरंगाईचा हिशेब

१८९४ चा जुना भूसंपादन कायदा. १९८४ साली त्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून कोर्टाने जमिनीचा भाव वाढवून दिला की त्यावर तीस टक्के दिलासा रक्कम मिळते, तिला कोर्टात सोलेशियम म्हणतात. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताबा घेईपर्यंत, जे आधी असेल तोवर, वर्षाला बारा टक्के जादा रक्कम. आणि वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून व्याज, पहिल्या वर्षी नऊ टक्के आणि पुढे दर वर्षी पंधरा टक्के. हे व्याज दिलासा रकमेवरही द्यावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्पष्ट केलं.

समजा एका शेतकऱ्याचा भाव कोर्टाने १,००,००० रुपयांनी वाढवला. दिलासा रक्कम ३०,०००. अधिसूचना आणि निवाडा यांत दोन वर्षं गेली असं धरा, तर बारा टक्क्यांनी २४,०००. एकूण झाले १,५४,००० रुपये. हे पैसे ताबा घेतल्यापासून एका वर्षात दिले असते तर व्याज पडलं असतं १३,८६०. विषय संपला असता. पण तारखा पडत गेल्या आणि पंधरा वर्षं लागली. तर पहिल्या वर्षाचे १३,८६०, आणि पुढच्या चौदा वर्षांचे दर वर्षी २३,१०० प्रमाणे ३,२३,४००. नुसतं व्याज झालं ३,३७,२६० रुपये. देणं होतं दीड लाखाचं, द्यावे लागले ४,९१,२६०.

हा एका शेतकऱ्याच्या एका लाखाचा हिशेब. एका तलावात अशी वीस-पंचवीस खाती असतात, एका मोठ्या धरणात हजारो. आता सांगा, कागद वेळेवर कोर्टात नेणाऱ्या एका माणसाचा पगार वाचवून तिजोरीचं काय वाचलं? घरातली बाई चुलीवर दूध ठेवून एका काडीसाठी भांडत बसली आणि दूध उतू गेलं, तर तिला आपण काटकसरी म्हणत नाही.

२०१३ च्या नव्या कायद्यात, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, दिलासा रक्कम तीसवरून शंभर टक्के झाली. व्याजाचे दर तेच नऊ आणि पंधरा. म्हणजे दिरंगाई आता आणखी महाग पडते. त्या कायद्यात तर लिहिलं आहे, की वाढीव मोबदल्याचं प्रकरण प्राधिकरणाने सहा महिन्यांत निकाली काढावं. सहा महिने! मृगात पेरलेला कापूस पुरता वेचून होत नाही तोवर निकाल. पण प्राधिकाऱ्याची खुर्ची भरलेली नसेल, किंवा सरकारी बाजूचा कागदच येत नसेल, तर हे सहा महिने पुस्तकातच राहतात.

हे व्याज येतं कुठून, तेही समजून घ्या. ते त्या प्रकल्पाच्याच खर्चात पडतं. म्हणजे धरणाची भिंत झाली, मोबदल्याच्या व्याजात पैसा संपला, आणि पाटचाऱ्या राहिल्या. ज्याची जमीन गेली तो कोर्टात, आणि ज्याला पाणी मिळायचं तो आभाळाकडे बघतो.

आपल्याला काय मिळतं?

कोणी म्हणेल, पंधरा टक्के व्याज मिळतं तर शेतकऱ्याचं बरंच आहे की. हे गावात जाऊन बोला. ज्याची जमीन गेली त्याची पोटापाण्याची सोय गेली. तो उचल घेतो. सावकार महिन्याला शेकडा तीन घेत असेल तर वर्षाला छत्तीस होतात, सरकार देणार पंधरा, तेही सरळव्याजाने, तेही पंधरा वर्षांनी. मधल्या काळात म्हातारा वारतो. चालू दाव्यात माणूस वारला तर नव्वद दिवसांत वारस रेकॉर्डवर लावावे लागतात. घरात तेरावं चालू असताना कोणाला आठवतं? आणि शेवटी हुकूमनामा झाला तरी पैसे येत नाहीत. दरखास्त लावा, जप्तीचं वॉरंट काढा. मग एके दिवशी बेलिफ कलेक्टर कचेरीतल्या खुर्च्या आणि जीप जप्त करायला जातो, पेपरात फोटो छापून येतो, आणि लोक हसतात. मला हसू येत नाही. ज्या सरकारवर खुर्च्या उचलून नेण्याची पाळी येते त्याची पत किती राहिली, याचा विचार करा.

आणखी एक मुद्दा. आपल्यातले काही हुशार लोक म्हणतात, सरकारी वकील कमजोर असला तर बरंच, समोरचं कोणी बोललं नाही की आपला निकाल झटपट. अनुभव उलटा आहे. सरकारने बाजूच मांडली नाही आणि कोर्टाने भाव वाढवला, की चार वर्षांनी वरच्या कोर्टात अपील येतं. उशीर माफ करा असा अर्ज सोबत असतो. कारण काय, तर ‘कार्यालयीन प्रक्रियेत वेळ गेला’. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली टपाल खात्याच्या एका प्रकरणात सांगितलं, की सरकारी यंत्रणेची ठरावीक सबब ऐकून दर वेळी उशीर माफ करता येणार नाही. तरी अर्ज येत राहतात. स्थगिती मिळते, पैसे अडकतात, काही वेळा प्रकरण पुन्हा खाली पाठवलं जातं आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात. समोर जाणता वकील असेल, त्याच्या हातात पूर्ण कागद असतील, तर कोणतं देणं खरं आणि कोणतं लढण्यासारखं हे तो सरकारला सांगू शकतो. तडजोडही तोच करू शकतो. ज्याच्या हातात कागद नाही तो फक्त तारीख मागू शकतो.

वकील कोण नेमतो?

काटछाटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अर्धंच बोललो असं होईल. जिथे माणूस हवा तिथे खुर्ची रिकामी, आणि जिथे गरज नाही तिथे वशिल्याची भरती, या दोन्ही गोष्टी एकाच सरकारात होतात. उत्तर प्रदेशात १९९० साली सरकारने एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांच्या नेमणुका एकदम संपवल्या. कोण चांगलं काम करतो आणि कोण नाही, काही पाहिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते परिपत्रक रद्द केलं आणि बजावलं, की सरकारी वकील हे राज्यकर्त्यांच्या लहरीचं पद नाही. पुढे २०१६ साली पंजाब आणि हरियाणाच्या प्रकरणात त्याच न्यायालयापुढे आलं, की किती वकील लागतात याचा अंदाज न घेता नेमणुका झाल्या आणि काम नसलेल्यांनाही पगार गेला. न्यायालयाने सांगितलं, आधी गरज मोजा, मग लायकी पाहून निवडा.

म्हणून आपली मागणी ‘भरती करा’ एवढीच असता कामा नये. नुसती भरती म्हटली की पुढाऱ्याचा भाचा वकील होतो. मागणी अशी हवी, की प्रकरणं किती ते मोजा, माणसं किती लागतात ते ठरवा, आणि लायकीने निवडा. शेतात मजूर सांगताना आपण आधी एकर मोजतो, मग माणसं सांगतो. सरकारने यापेक्षा वेगळं काही करायचं नाही.

आणखी एका टेबलाबद्दल सांगतो. सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती कशासाठी? सरकारने नोटीस वाचावी, चूक असेल तर कबूल करावी, भांडण कोर्टात जाऊच नये, यासाठी. पण नोटिशीला उत्तर येत नाही. हे माझं म्हणणं नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं, की बहुतेक नोटिशींना उत्तर दिलं जात नाही किंवा मोघम दिलं जातं. म्हणून न्यायालयाने आदेश दिला, की नोटिशींना उत्तर देण्यासाठी प्रत्येक सरकारने अधिकारी नेमावा, आणि उत्तर दिलं नाही तर खर्च बसेल. एक माणूस, एक टेबल. ते टेबल चाललं तर कित्येक भांडणं तिथेच मिटतील. तुमच्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण आहे, कोणाला माहीत आहे का? हात वर करा. पाहा, एवढ्या मोठ्या सभेत एकही हात नाही.

न्यायाधीशांचंही तेच. विधी आयोगाने १९८७ साली सांगितलं, की दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांत तेवढे करा असा आदेश दिला. अजून त्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतही देश पोचलेला नाही. कारखान्यांना सवलती देताना पैसा असतो, निवडणूक आली की घोषणांना पैसा असतो. न्यायाधीशाची खुर्ची भरायची म्हटली की काटकसर आठवते.

ज्यांना काहीच मिळालं नाही

या सभेत असेही लोक असतील ज्यांच्या घराची गोष्ट याहून जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. लोकांना काम हवं होतं, जनावरांना पाणी हवं होतं. आजोबांनी कोऱ्या कागदावर अंगठा दिला, पैसे मागाहून मिळतील म्हणून. ते कित्येकांना मिळालेच नाहीत. आता नातू विचारायला गेला की सांगतात, फार वर्षं झाली, मुदत गेली. हिमाचल प्रदेशात एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ साली रस्त्यासाठी घेतली, दाम दिला नाही. सरकारने कोर्टात सांगितलं, आता ती वहिवाटीने आमची झाली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. सरकार आपल्याच नागरिकाची जमीन अशी बळकावू शकत नाही, म्हणाले, आणि मोबदला द्यायला लावला. त्या बाईचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात होतं. तेव्हा जुने कागद काढा, सातबारा आणि फेरफार पाहा, आणि मुदत गेली हे कोणी तोंडी सांगितलं म्हणून घरी परतू नका.

आता करायचं काय?

पहिलं, आपल्या घरापासून. जमीन जात असेल तर संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा. विहीर, झाडं, पाइपलाइन, गोठा, सगळं लिहून घेतलं की नाही ते पाहा. मोबदला उचलताना पावतीवर ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हक्क राखून, असं लिहा. हे लिहिलं नाही तर वाढीव मोबदला मागायचा हक्क जातो, जुन्या कायद्यातही आणि नव्यातही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर अर्जाची मुदत सहा आठवड्यांची आहे. राष्ट्रीय महामार्गात जमीन गेली असेल तर त्याचा कायदा वेगळा, तिथे लवादाकडे जावं लागतं. आणि ज्यांनी अर्जच केला नाही, पण शेजाऱ्याला त्याच अधिसूचनेतल्या जमिनीचा भाव वाढवून मिळाला, त्यांना त्या निकालापासून तीन महिन्यांत फेरहिशेब मागता येतो. शेजाऱ्याचा निकाल लागला की गावात दवंडी दिल्यासारखं सगळ्यांना कळवा.

दुसरं, वकील. जिंकलास तर इतके टक्के दे, असा करार वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमात ते मना आहे. परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, जिल्ह्याला प्राधिकरण आहे. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला याची यादी आहे. त्यात स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमाती आहेत, आणि दुष्काळाने पिडलेला माणूसही आहे. दुष्काळ हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. २०१८ साली राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, तेव्हा या कलमाखाली अर्ज किती जणांनी केले? करा अर्ज. नाकारला तर कारण लेखी मागा. लोकअदालतीत तडजोड केली तर कोर्ट फी परत मिळते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून हिशेब केल्याशिवाय सही करू नका. मघाचा हिशेब पाठ करून जा.

तिसरं, जिल्ह्याला जाब. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे, अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रत्येक तालुक्यातून एकाने अर्ज करायचा आणि पाच प्रश्न विचारायचे. जिल्ह्यात वाढीव मोबदल्याची प्रकरणं किती पडून आहेत? गेल्या तीन वर्षांत मोबदल्यावर व्याज म्हणून किती रुपये गेले? न्यायालयीन कामाची मंजूर पदं किती आणि रिकामी किती, कधीपासून? कलम ८० च्या नोटिशींना उत्तर देणारा अधिकारी कोण? हुकूमनामा होऊनही पैसे न दिलेली प्रकरणं किती?

ही उत्तरं आली की व्याजाचा आकडा आणि रिकाम्या खुर्च्यांचा पगार एका कागदावर शेजारी शेजारी मांडायचा. तो कागद घेऊन कलेक्टरकडे जायचं, पालकमंत्र्यांकडे जायचं, जिल्हा नियोजन समितीत ठेवायला लावायचा. त्यांना सांगायचं, आम्ही पसारा वाढवा म्हणत नाही. तुमचं देणं वेळेवर द्या, आणि त्याला जेवढी माणसं लागतात तेवढी बसवा. बाकीची काटछाट खुशाल करा, कुठे करायची त्याची यादी आम्ही देतो.

आमच्या सहा जणांची पुढची तारीख वेचणीत आहे. तिघे जातील, तिघे शेतात राहतील, जाणाऱ्यांचा कापूस राहणारे वेचतील, असं ठरलं आहे. तुमच्या गावातही असे लोक असतील. त्यांची नावं, गट नंबर आणि प्रकरणाचं साल लिहून पुढच्या बैठकीला आणा. तालुकाप्रमुखांनी आज निघण्यापूर्वी अर्जाचा मसुदा माझ्याकडून घेऊन जावा.